जुना गेमिंग संगणक: भाग बदलावेत की यंत्रच?

नागपुरात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की कंपनीने आधीच जोडून विकलेल्या माझ्या जुन्या गेमिंग संगणकाचे पंखे घोंघावू लागतात, खेळ अडखळतो आणि सुटे भाग बदलावेत की संपूर्ण यंत्रच, हा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. इथल्या सीताबर्डीच्या बाजारात विचारले तर 'नवाच घ्या' हे उत्तर तयारच असते. माझा खरा राग मात्र अशी यंत्रे घडवणाऱ्यांवर आहे. खेळातली दृश्ये रंगवणारे ग्राफिक्स कार्ड बदलायचे म्हटले, तर वीज पुरवणारा पॉवर सप्लाय अपुरा पडतो. तो बदलायचा, तर सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डवरची जोडणी प्रचलित २४ पिनांची नसून कंपनीने स्वतःपुरती बनवलेली असते. आणि मदरबोर्डच बदलावा, तर कॅबिनेटमधली छिद्रे जुळत नाहीत. प्रोसेसरचेही तेच. इंटेलच्या सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर, प्रोसेसर बसवायच्या खाचेचे, म्हणजे सॉकेटचे, नाव एलजीए ११५१ हेच असूनही, अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज ११ ला साधारणतः आठवी पिढी तरी लागतेच. त्यात जुन्या विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षेची अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डाकडे वळावे, तर त्याला डीडीआर५ या नव्या पिढीची रॅमच हवी, म्हणजे घरातली डीडीआर४ रॅम धडधाकट असूनही निरुपयोगी. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी बसवून आणि धूळ काढून यंत्र काही काळ तगते, हे मान्य. पण उत्तम चालणारा भाग केवळ माप जुळत नाही म्हणून भंगारात जावा, हे मला सहन होत नाही. बोर्ड आणि पॉवर सप्लाय प्रमाणित मापाचे आहेत की नाहीत, हे खोक्यावर ठळक छापणे कंपन्यांना बंधनकारक करायलाच हवे.