"लिनक्स फुकट आहे, सोर्स कशाला द्यायचा" हा मेसेज चुकीचा आहे

चवथीच्या आधीपासून एक मेसेज फिरतोय, गोव्यातल्या वेर्णा-कुंडईच्या एम्बेडेडवाल्यांच्या (यंत्रांच्या आत बसणारे छोटे कॉम्प्युटर बनवणाऱ्यांच्या) ग्रुपांवर मला तो चार वेळा आला. त्यात म्हटलंय की लिनक्स (अशा डिव्हाइसमध्ये चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) फुकट आहे म्हणून कसली अट नाही, कोडमध्ये बदल केला नसेल तर सोर्स (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ कोड) द्यायची गरज नाही, दिलाच तर आपला सगळा कोड उघडा पडतो, आणि हे सगळं अमेरिकेतलं, इथे कोण विचारतो. नवीन पोरं हे खरं धरून डिव्हाइस बाजारात पाठवतायत म्हणून लिहितोय.

फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत, एवढंच. कॉपीराइट लिहिणाऱ्यांकडेच असतो आणि आपल्याला परवानगी मिळते ती अटींवर.

आता बदलाचं. कर्नल (लिनक्सचा गाभा), यू-बूट (डिव्हाइस सुरू करणारा प्रोग्रॅम), बिझीबॉक्स (छोट्या कमांडांचा संच) तिन्ही १९९१ च्या जीपीएल २ या लायसन्सखाली येतात आणि त्यात बदल केला की नाही हा प्रश्नच नाही, फ्लॅश मेमरीत बायनरी (कंपाइल होऊन तयार झालेला प्रोग्रॅम) टाकून डिव्हाइस विकलं की वाटप झालं. मग एकतर सोबत सोर्स द्या, नाहीतर किमान ३ वर्षं चालेल अशी लेखी ऑफर द्या, आणि कुणीही सोर्स मागितला तरी ती लागू, फक्त आपल्या गिऱ्हाईकाला नाही. सोर्स म्हणजे त्याच बायनरीचा, कंपाइल आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टांसकट. "कर्नल डॉट ऑर्गची (मूळ कर्नलच्या साइटची) लिंक पाठवा" हे इथेच पडतं. मी पूर्वी ज्या कंपनीत होतो तिथे पंप कंट्रोलरच्या गेटवेसाठी बाहेरच्या एका गिऱ्हाईकाने सोर्स मागितला, तेव्हा कळलं की इमेज (डिव्हाइसमध्ये टाकायचं तयार सॉफ्टवेअर) बनवणारा सोडून गेलाय, चिपवाल्याचे पॅच (कर्नलमधले बदल) त्याच्या लॅपटॉपवर होते, कॉन्फिग कुठली ते कुणालाच ठाऊक नाही, आणि साधा कर्नल त्या बोर्डवर बूटच होईना कारण डिव्हाइस ट्री (बोर्डवर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) आणि वायफायचा ड्रायव्हर त्या पॅचमध्येच होता. तीन आठवडे आम्ही स्वतःचंच प्रॉडक्ट परत बिल्ड करत बसलो. आणि चिपवाल्याने सोर्स दिला नाही हे कारण चालत नाही, विकणारे आपण, जबाबदारी आपली, तेव्हा चिप घेण्याआधीच मागून घ्या.

सगळा कोड उघडा पडतो ही भीती मात्र मी समजू शकतो, कंट्रोलचा अल्गोरिदम हीच छोट्या कंपनीची कमाई असते. पण कर्नलच्या लायसन्सबरोबरच स्पष्ट लिहिलंय की नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून (प्रोग्रॅम कर्नलकडे काम मागतो ती वाट) कर्नल वापरणारा प्रोग्रॅम त्यातून निघालेला मानला जात नाही. म्हणजे तुमचं वेगळं ॲप्लिकेशन तुमचंच राहतं. जपायचं ते दोन ठिकाणी. जीपीएलची लायब्ररी (तयार कोडचा संच) त्यात लिंक करू नका, म्हणजे जोडू नका, आणि एलजीपीएलची (जीपीएलच्या सैल प्रकारातली) स्टॅटिक लिंक केली, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच मिसळली, तर गिऱ्हाईकाला परत लिंक करता येईल अशा ऑब्जेक्ट फाइल द्याव्या लागतात. बंद कर्नल मॉड्यूलवर (सोर्स न देता कर्नलला जोडायच्या भागावर) वाद आहेत, मी तरी ते पाठवणार नाही.

आणि "इथे कोण विचारतो"? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम हे साहित्यकृतीतच येतात, आणि बर्न कराराच्या (कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) देशांतल्या लेखकांच्या कामालाही इथे संरक्षण आहे. जर्मनीत कर्नलच्या कोडचा एक लेखक हाराल्ड वेल्टेने २००४ मध्ये म्युनिकच्या कोर्टातून राउटर विकणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला, अमेरिकेत बिझीबॉक्सवाले २००७ पासून कोर्टात गेले. जीपीएल २ मध्ये अट मोडली की परवानगी आपोआप संपते, म्हणजे त्यानंतर पाठवलेला प्रत्येक पीस कॉपीराइटचा भंग. आपला माल युरोपला जातो, तिथे कंटेनर अडकला तर वेर्ण्यात बसून काय करणार?

उलट २००३ मध्ये लिंकसिसच्या राउटरचा सोर्स मागून मागून बाहेर काढला गेला त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) उभं राहिलं, आज तेच घेऊन आपल्यातले कितीतरी जण प्रॉडक्ट बनवतायत.

काम तसं अवघड नाहीये. इमेज बनवायची साधनं म्हणजे बिल्डरूट आणि योक्टो: बिल्डरूटमध्ये 'मेक लीगल-इन्फो' चालवलं की सोर्स आणि लायसन्स एका फोल्डरमध्ये येतात, योक्टोत त्याच कामाला आर्कायव्हर क्लास आहे. हे रिलीजच्याच दिवशी करा, आणि तो टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) कोऱ्या मशीनवर अशा माणसाकडून बिल्ड करून घ्या ज्याने मूळ इमेजला हात लावलेला नाही.