दुधाच्या दातातलं शिसं

पोराचा दुधाचा दात पडला की आपल्याकडे तो कौलावर फेकतात. हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने असे हजारो दात गोळा केले, आणि त्यातून जे निघालं ते प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

१९५७ साली फिलाडेल्फियात शिशाची विषबाधा झालेली एक लहान मुलगी त्यांच्याकडे दाखल होती. उपचारांनी ती सावरली. नीडलमननी तिच्या आईला बजावलं, आता त्या घरात राहू नका. आई म्हणाली, मग जाऊ कुठे? मला परवडेल ते प्रत्येक घर असंच असणार. जुन्या भिंतींच्या रंगात शिसं असायचं आणि पोपडे पोरांच्या तोंडात जायचे.

तेव्हा समज असा होता की झटके आले, पोर बेशुद्ध पडलं तरच विषबाधा. नाहीतर काही झालेलं नाही. नीडलमनना प्रश्न पडला तो धडधाकट दिसणाऱ्या पोरांचा. पण रक्त तपासून फक्त अलीकडचं शिसं कळतं. हाडांत आणि दातांत मात्र ते कॅल्शियमसारखं साठून राहतं. म्हणून दुधाचे दात! बोस्टनजवळच्या चेल्सी आणि सोमरव्हिल इथल्या पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी ते गोळा केले. दात त्याच पोराचा आहे ना, हे तोंडातली ताजी खाच बघून ठरवायचे. १९७९ साली निष्कर्ष आला. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांची बुद्ध्यांक चाचणीत आणि एकाग्रतेत पीछेहाट. आजारी मात्र त्यातलं कुणीच दिसत नव्हतं.

पेट्रोलमधून आणि रंगांतून शिसं हटवण्याच्या लढ्यात हे संशोधन मोठा आधार ठरलं. साहजिकच ते अनेकांना खुपलं. १९९१ मध्ये शिसे उद्योगाच्या बाजूने काम केलेल्या दोन तज्ज्ञांनी त्यांच्यावर संशोधनात गैरप्रकार केल्याची तक्रार केली. नीडलमन म्हणाले, चौकशी बंद दाराआड नको, सगळ्यांसमोर करा. तशी झाली आणि गैरप्रकाराचा आरोप टिकला नाही. पण उमेदीची किती वर्षं यात गेली असतील! याचा मला आजही संताप येतो.

आपल्याकडे २००० साली पेट्रोल शिसेमुक्त झालं, २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आली. पण जुन्या भिंती आहेतच. गल्लीबोळांत बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणं चालू आहे. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात साधारण साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण डेसिलिटरला (१०० मिलिलिटरला) ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. सुरक्षित अशी पातळी तर कुठलीच माहीत नाही.

एवढं असून आपल्या पोरांची ही तपासणी सरसकट होत नाही. अंगणवाडीत वजन-उंची घेतात, शाळेत दात-डोळे बघतात. मग शिशासाठी रक्त का नाही? निदान जिथे बॅटऱ्यांचं भंगार वितळवतात त्या वस्त्यांपासून तरी सुरुवात करा. अभ्यासात मागे पडणाऱ्या पोराला ‘ढ’ म्हणून मोकळं होण्याआधी त्याच्या रक्तात काय आहे ते बघायला नको का?

घराजवळ असं काम चालत असेल, किंवा जुन्या रंगाचे पोपडे पडत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना स्वतःहून विचारा. रक्तातल्या शिशाची तपासणी मोठ्या प्रयोगशाळांत होते.