मॅडम, सीटचं माप मी चुकीच्या माणसावर घेतलं

नमस्कार मॅडम,

तुमचा एक स्टार आणि त्याखालचा मजकूर काल रात्री पोरीनं जेवताना वाचून दाखवला. घास तसाच राहिला. दोन-तीन गिऱ्हाइकांनी आज दुकानात येऊन विचारलं, "काहून भाऊ, काय झालं?" म्हणून सगळ्यांना दिसेल असंच उत्तर लिहून राहिलो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ॲक्टिव्हाची सीट आरामाची करायला दिली, १,३५० रुपये घेतले, उद्या देतो म्हणून तीन दिवस लावले. सीट दगडासारखी झाली, पाच फूट उंचीच्या बाईचे पाय टेकत नाहीत, साडीवर बसलं की पुढे घसरायला होतं, आणि पहिल्याच पावसात सीट पाणी पिऊन बसली. दुसऱ्या दुकानात उघडली तर आत जुन्या गाद्यांच्या चिंध्या निघाल्या. शेवटी "फसवणूक, कोणी जाऊ नका" आणि खाली फोटो.

फोटोचं आधी सांगतो, कारण तोच शब्द जिव्हारी लागला. त्यात दिसतो तो रंगीबेरंगी थर, पिवळा-गुलाबी-निळा, चिवड्यासारखा, तो जुन्या गादीतून काढलेला नाही. त्याला बाजारात रिबॉन्डेड फोम म्हणतात. कारखान्यात फोम कापताना उरलेले तुकडे बारीक करतात, चिकट द्रवात घोळतात आणि वाफेवर दाबून त्याची लादी बनवतात. मी टाकतो तो १०० डेन्सिटीचा असतो, म्हणजे घनमीटरला साधारण शंभर किलो. सोफ्यातला साधा फोम तिशीच्या आसपास. रिबॉन्डेड महाग नसतो, हे मी लपवत नाही. पण पैसे वाचवायला मी तो टाकला नाही. तुकडा दुकानात टेबलावरच ठेवलेला असतो, येईल त्याला दाखवतो. तुम्हाला दाखवायचा राहिला, कारण तुम्ही दुकानात आल्याच नाहीत. त्यावर पुढे येतो.

कडक फोम काहून टाकला, ते ऐका. आपण बसतो तेव्हा अंगाचा भार खालच्या दोन हाडांवर येतो आणि मागे रेललो की माकडहाडावर. बाइकवाल्याचे पाय फूटरेस्टवर अंगाखाली असतात, खड्डा दिसला की तो पायांवर भार देऊन जरा उचलतो. स्कूटरवर पाय पुढे पसरलेले, उचलायला आधारच नाही. जो हिसका येईल तो सगळा बसल्या जागी. त्यात चाकं लहान. स्प्लेंडरचं चाक १८ इंची, तुमच्या ६जी ॲक्टिव्हाचं पुढचं १२ आणि मागचं १०. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं. आणि आपल्याकडचा रस्ता काळ्या मातीवरचा. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर लाटा मारतं. खड्डा नसला तरी गाडी हिंदकळत जाते.

अशा ठिकाणी मऊ फोम दुकानात लोण्यासारखा लागतो. गिऱ्हाईक अंगठ्यानं दाबून पाहतं, खूश होऊन पैसे देऊन जातं. पंधरा-वीस किलोमीटर झाले की तोच फोम दबून दबून तळाला लागतो आणि हाडं सरळ खालच्या फायबरवर बसतात. म्हणून मी कंपनीचाच फोम पातळ कापून त्यावर रिबॉन्डेडचा थर देतो, त्यावर अर्धा इंच मऊ थर, आणि मागे माकडहाडाच्या जागी पन्हाळीसारखा खोलगट भाग सोडतो. पहिले चार-पाच दिवस कडक लागते, हे खरंय. तुम्ही लिहिलंय की रोजचं साठ किलोमीटर अपडाऊन आहे. तेवढ्याला मी आजही हाच फोम देईन, मऊ मागितला तरी आधी नाही म्हणेन.

इथवर माझी बाजू. आता माझी चूक.

गाडी घेऊन तुमचे मिस्टर आले होते. चांगले पावणेसहा फूट. मी म्हटलं बसून दाखवा, ते बसले, मी टेप लावला, खडूनं खुणा केल्या, दोन्ही पाय आरामात टेकले. मी खूश, ते खूश. गाडी कोण चालवते हे मी विचारलंच नाही. पंचवीस वर्षं ट्रॅक्टरच्या सीटा, ऑटोच्या गाद्या, बुलेटच्या सीटा करून राहिलो आणि एवढा साधा प्रश्न सुचला नाही. तुमचं लिहिलेलं वाचलं तेव्हा खरं तर आधी हसू आलं, मग लाज वाटली.

उंची मी पाऊण इंचच वाढवली होती. पण पुढचा भाग दोन्ही बाजूंनी रुंद केला, मांडीला आधार मिळावा म्हणून. रुंद सीटवर पाय फाकतात, आणि फाकलेला पाय सरळ खाली जात नाही, तिरपा जातो. शिडी जितकी तिरपी लावाल तितकी ती कमी उंच पोचते, तसंच हे. मिस्टरांना त्या पाऊण इंचाचा फरक कळलाही नसेल, तुमच्या मात्र टाचा उचलल्या गेल्या. सिग्नल नसला तरी आपल्याकडे बैलगाडी आहे, शेळ्या आहेत, बाजाराच्या दिवशी स्टॅन्डसमोरची गर्दी आहे. अशा जागी एका पायाच्या बोटांवर गाडी तोलायची म्हणजे जिवाशी खेळ. पाठ दुखली तर दुखली, गाडी कलंडायला नको. ही तक्रार तुमची शंभर टक्के बरोबर.

घसरण्याचंही तसंच. मी लावलं ते चॉकलेटी रेग्झिन दिसायला छान, पण गुळगुळीत. पॅन्टवर चालतं, साडीवर नाही. साडी नेसून चालवणाऱ्या बाईला दाणेदार रेग्झिन पाहिजे आणि पुढचा उतार कमी पाहिजे. हेही विचारलं असतं तर कळलं असतं.

पाण्याबद्दल सबब नाही. रेग्झिनमधून पाणी जात नाही, शिलाईच्या भोकांतून जातं, आणि फोम ते धरून ठेवतो. वरून कोरडी दिसते, बसलं की ओली. फोम आणि रेग्झिनच्या मध्ये प्लॅस्टिकची पन्नी टाकायची असते. त्या दिवशी पन्नी संपली होती, पोरगा आणायला गेला तो आलाच नाही, आणि मी तसंच पिना मारून टाकल्या. आळस झाला. एवढ्या एका गोष्टीसाठी एक स्टार दिला असता तरी मी गप्प बसलो असतो.

तीन दिवसांचं म्हणाल तर मध्ये पोळा आला आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्या आठवड्यात दुकानात झुली शिवायला आलेल्या शेतकऱ्यांची रांग असते, त्यांना उद्या या म्हणता येत नाही, बैल वर्षातून एकदाच सजतो. शिवाय त्या ओल्या हवेत सोल्युशन वाळत नाही, आणि न वाळता थर चिकटवले की महिनाभरात सुटतात. पण हे मला गाडी घेतानाच माहीत होतं. उद्या देतो हे माझ्या तोंडून सवयीनं निघतं. घरची मंडळीही याच शब्दावरून बोलत असतात.

पाठदुखी जाईल असं मी म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. मिस्टरांशी बोलताना म्हटलं असेन. म्हणायला नको होतं. सीटमुळे हिसका कमी होतो, अवघडल्यासारखं कमी होतं. मणक्याचं काही असेल तर त्याला डॉक्टरच पाहिजे, माझ्या गादीच्या भरवशावर राहू नका.

एक गोष्ट मात्र तुमच्या गाडीत सीटबाहेरची होती. मागच्या टायरात हवा दगडासारखी लागली, म्हणून शेजारच्या पंक्चरवाल्याकडून मोजून घेतली तर काटा ४२ वर. तुमच्या गाडीला एकटं बसायचं असेल तर मागे २९ आणि पुढे २२ पुरते, डबलसीट असेल तरच मागे ३६. मी तेव्हाच कमी करून घेतली होती, पण पंपावरचा पोरगा न विचारता परत ठासून भरतो, तेव्हा लक्ष ठेवा. मागच्या शॉकअपला तीन खाचा आहेत. एकट्या जात असाल तर सगळ्यात नरम खाचेवर ठेवा, मेकॅनिक पाच मिनिटांत करून देतो. या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडतो तेवढा माझ्या अर्ध्या कामानं पडत नाही. धंद्याच्या विरुद्ध बोललो, पण खरं आहे.

आता काय करायचं ते. तुम्ही या. पुढची रुंदी दोन्हीकडून पाऊण-पाऊण इंच छाटतो, उंची कंपनीइतकी किंवा तुम्हाला लागली तर त्याहून थोडी कमी करतो, पन्नी टाकतो, दाणेदार रेग्झिन लावतो. एक रुपया नाही. सकाळी दहाला दिली तर सोल्युशन वाळायला रात्र लागते, म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळेल. तेवढ्या वेळाला माझी जुनी स्कूटी घेऊन जा, सीट तिचीही मीच केलेली आहे. माझ्यावर विश्वास राहिला नसेल तर दुसऱ्या दुकानात जिथे उघडली तिथेच करून घ्या, आणि माझे १,३५० परत घेऊन जा. त्या दुकानदाराला फक्त एवढं सांगा की रंगीत थर फेकू नको, तोच ठेवून वरून छाट.

सोमवारी दुकान बंद असतं. इतर दिवशी शाळा सुटल्यावर आलात तरी मी सातपर्यंत असतो. रोज घालता तीच चप्पल घालून या, उंच टाचेची नको. मिस्टर सोबत आले तर चहा त्यांनाही, पण सीटवर बसायचं तुम्ही.