हापूस कुठून आला?

माणसं संपल्यानंतरच्या जगातल्या प्राण्यांच्या गोष्टी वाचून मुलं घाबरतात, हे अशा गोष्टींवरच्या एका लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. आमच्या गुहागरकडच्या वाडीत निम्मी घरं वर्षभर बंद. गणपतीत चाकरमानी कुलूप काढतात तेव्हा कौलांवरून वांदर उड्या मारत पळतात आणि माजघरात वटवाघळांचा वास भरलेला असतो. मुलांना ते जग अर्धंअधिक ओळखीचंच आहे.

माझी तक्रार वेगळी. त्या लेखात नमुना म्हणून दिलेल्या गोष्टीत माणसं संपून पाचशे वर्षं झाली तरी माकडं हापूस खातात. अहो, हापूस कलमाचा! बाठा रुजून झाड येईल, पण फळ आईसारखं निघेलच असं नाही. कलम बांधणारा गेला की शेवटी उरायचा तो रायवळच, आंबटगोड, दातांत धागे अडकवणारा. (काजू पोर्तुगीजांनी आणलेला, पण तो आता इथलाच झालाय, त्याला कुणाची गरज नाही.)

हे पुतणीला सांगितलं तर तिने गोष्टच पुढे नेली. म्हातारी माकडीण पिल्लांना सांगते, पूर्वी एक आंबा होता, त्याला धागेच नव्हते. पिल्लं म्हणतात, आजी, थापा मारू नको!