खोल समुद्रातलं पाणी साचलेलं नसतं हो, काका

बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी जो मेसेज टाकलाय तो सगळीकडे फिरतोय. म्हणणं असं की समुद्राच्या तळाशी डोंगररांगा आहेत, त्या पाणी अडवतात म्हणून खालचं पाणी जागच्या जागी साचलंय, शास्त्रज्ञांची कॉम्प्युटरवरची समुद्राची मॉडेल्स तर तळ सपाटच धरतात, म्हणून हवामानाचे सगळे अंदाज खोटे. काका, तुमचा मान ठेवूनच लिहितोय, पण हे चुकीचं आहे.

आधी ते अडवण्याचं बघा. रांगा आहेतच, पण त्यांना खिंडी पण आहेत ना. ग्रीनलंड आणि आइसलंडच्या मधे डेन्मार्क सामुद्रधुनी आहे, तिथला उंबरठा, म्हणजे पाणी जिथून ओलांडतं तो तळाचा उंचवटा, साधारण 600 मीटरपेक्षा थोडा जास्त खोल, त्यावरून उत्तरेचं गार, जड पाणी सेकंदाला सुमारे 30 लाख घनमीटर सांडतं आणि उतारावरून घसरत, वाटेत आजूबाजूचं पाणी ओढून घेत, 2000 मीटरच्याही खाली जातं. हिंदी महासागरात सेशेल्सजवळच्या अमिरांते खिंडीतून दक्षिणेचं थंड पाणी सोमाली खोऱ्यात शिरतं. आणि खरंच साचलेलं असतं तर तळाशी ऑक्सिजन कधीच संपला असता, तो आहे, म्हणजे वरचं पाणी खाली पोचतंय.

किती पाणी ओलांडणार हेही काढता येतं. पावसाळ्यात आपण सगळे आजवा तलावाची लेव्हल विचारत बसतो, कारण पाणी काठाच्या किती वर आहे त्यावर विश्वामित्री नदीत किती येणार ते ठरतं, इथेही तसंच, फक्त दोन्हीकडच्या पाण्याच्या घनतेतला फरक आणि पृथ्वीचं फिरणं पण धरावं लागतं. 1974 चं सूत्र आहे, रुंद खिंडीत जड पाण्याची उंबरठ्यावरची उंची दुप्पट झाली तर प्रवाह चौपट, आणि ही वरची मर्यादा, प्रत्यक्षात कमीच येतो.

तळ सपाट धरतात हे तर साफ खोटं, सॅटेलाइट आणि जहाजांच्या मोजणीवरून केलेला तळाचा नकाशा मॉडेलमधे घालतात. खरी अडचण वेगळीच आहे आणि मला तीच महत्त्वाची वाटते: मॉडेल समुद्राचे चौकोन पाडून हिशोब करतं, एक अंशाची जाळी म्हणजे विषुववृत्तावर एक चौकोन जवळपास 110 किलोमीटरचा, आणि खिंड त्याहून कितीतरी अरुंद. शिवाय मॉडेलमधे तळाचा उतार पायऱ्यापायऱ्यांचा होतो, मग जड पाणी प्रत्येक पायरीवर नको तेवढं मिसळतं, हलकं होतं आणि खऱ्यापेक्षा वरच थांबतं. म्हणून कोणी पायऱ्या अर्ध्यामुर्ध्या भरून घेतात, कोणी घनतेच्या थरांवर मॉडेल बांधतात, कोणी खिंडीतला प्रवाह वेगळ्या सूत्राने घालतात. दोष माहीत आहे, त्यावर उघडपणे काम चालूय, तो लपवलेला नाही.

राहिला अंदाज. उद्या बडोद्यात पाऊस पडेल का, याचा या पाण्याशी जवळपास संबंध नाही, ते पाणी शेकडो वर्षांच्या हिशोबात फिरतं.