पार्कच्या हॉटेलातच राहायला हवं, असं काही नाही

दिवाळीची सुटी जवळ आली की जळगाव-धुळ्याकडच्या घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, सार तेच असतं: मुलांना इमॅजिकासारख्या थीम पार्कला न्यायचं असेल तर पार्कला लागून असलेल्या हॉटेलातच उतरा, बाहेर लॉजवर राहून पैसे वाचवणारे मुलांची अर्धी सहल रस्त्यात घालवतात. पुढे पाच कारणं दिलेली असतात. वेळ वाचतो, नाश्ता फुकट मिळतो, पार्कमध्ये इतरांच्या आधी शिरता येतं, बाहेरचे लॉज कुटुंबासाठी बरे नसतात, आणि मुलांना जन्मभराची आठवण मिळते.

हा मेसेज वाचून मला राग येतो. ज्याला परवडतं त्याने खुशाल महागड्या हॉटेलात राहावं, त्यात वावगं काही नाही. पण दिवाळीला आपल्याकडे कापूस वेचणीला आलेला असतो, मजुरी रोखीने द्यावी लागते आणि मालाचा पैसा अजून हातात पडलेला नसतो. अशा दिवसांत पोरांसाठी कसंबसं जमवून सहल ठरवणाऱ्या आईबापांना "लॉजवर उतरलात म्हणजे पोरांचं नुकसान केलंत" हे ऐकवणं अन्यायाचं आहे. शिवाय ही कारणं खानदेशातून निघणाऱ्या माणसाला बहुतांशी लागूच पडत नाहीत.

वेळेचा मुद्दा त्यातला सर्वांत वजनदार, म्हणून आधी तोच घेते. इमॅजिका रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. थीम पार्क 2013 मध्ये सुरू झाला, वॉटर पार्क त्याच्या पुढच्या वर्षी, आणि 2015 मध्ये शेजारीच नोव्होटेल उभं राहिलं. हॉटेलातून पार्कच्या दाराशी पायी जाता येतं, हे अगदी खरं. मुंबई-पुण्याहून स्वतःच्या गाडीने दुपारी निवांत येणाऱ्या कुटुंबाला त्याचा फायदा होतो.

आपण मात्र तिथे कसे पोहोचतो? चाळीसगावहून कल्याण 274 किलोमीटर, जळगावहून 366. बहुतेक घरं रात्रीची गाडी धरतात, पहाटे कल्याणला उतरतात आणि तिथून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल पकडतात. सकाळी सात-आठच्या सुमाराला ही मंडळी खोपोली स्टेशनाबाहेर उभी असतात. डोळ्यांवर झोप, अंगावर रात्रभराचा प्रवास, पोरांना अंघोळ घालायची आहे. पार्क साडेदहा-अकराच्या आसपास उघडणार. नेमकी याच तीन तासांत खोली हवी असते, आणि मोठ्या हॉटेलात चेक-इन असतं दुपारी दोन किंवा तीनला. सामान ते ठेवून घेतील, खोली देणार नाहीत. मग दिवसभर पार्कमध्ये फिरून संध्याकाळी त्या खोलीत शिरायचं, जेवायचं, आडवं व्हायचं, आणि सकाळी अकरा-बाराच्या आत ती रिकामी करायची. आमच्या मावशीने त्या हॉटेलचा दर ऐकला तेव्हा ती एवढंच बोलली, "नुसतं झोपाले इतला पैसा कसाले देवाना?" या प्रश्नाला मेसेजमध्ये उत्तर नाही.

साध्या लॉजवर पुष्कळदा चोवीस तासांचा हिशोब असतो. सकाळी साडेसातला खोली घेतली तर ती दुसऱ्या दिवशी साडेसातपर्यंत आपली. अंघोळी उरकायच्या, घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच खाऊन घ्यायची (पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत), पोरांना तासभर पडू द्यायचं आणि ताजंतवानं होऊन निघायचं. खोली ठरवताना फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: हिशोब चोवीस तासांचा की दुपारी बाराचा? भाड्यापेक्षाही हे उत्तर महत्त्वाचं.

मुलं मोठी असतील, आठवी-दहावीतली, तर रात्रीचा मुक्कामच लागत नाही. पार्क बंद झाला की खोपोली, कर्जत, कल्याण आणि तिथून रात्रीची परतीची गाडी. तिकिटं मात्र महिना-दोन महिने आधी काढून ठेवायला हवीत. दिवाळीत भुसावळकडे येणाऱ्या गाड्यांना ऐनवेळी वेटिंगच मिळतं.

वेळेच्या मुद्द्यात एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करायलाच हवी. पार्क सुटतो तेव्हा सगळे एकदमच बाहेर पडतात. दमलेली, ओल्या केसांची पोरं कडेवर घेऊन अंधारात रिक्षा शोधणं हे हाल आहेत. त्यावर उपाय सकाळीच करायचा. ज्या रिक्षाने किंवा जीपने जाल, त्याच्याशीच परतीचं ठरवून टाका आणि नंबर घेऊन ठेवा. दुसरं असं, की जवळचं म्हणून लोणावळ्यात खोली घेऊ नका. नकाशावर ते जवळ दिसतं, पण लोणावळा घाटावर आणि पार्क घाटाखाली. शनिवार-रविवारी बोरघाटात गाड्या अडकल्या की पोरांची सहल खरोखरच रस्त्यात जाते. बाहेर राहून पस्तावलेली बरीच माणसं लोणावळ्यात राहिलेली असतात, आणि मग त्यांचा अनुभव खोपोलीच्या माथी मारला जातो.

आता पैसे. मेसेज म्हणतो "दोन-चार हजारांचाच फरक". हा आकडा कागदावर मांडून पाहा. 22 सप्टेंबर 2025 पासून हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी असा आहे: दिवसाचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के, त्याच्या वर गेलं की 18 टक्के. समजा पार्कच्या हॉटेलातली खोली सुटीच्या दिवसांत 8,000 रुपयांना पडली. करासकट झाले 9,440. खोपोलीतली 2,000 रुपयांची खोली करासकट 2,100. एका खोलीमागे 7,340 रुपयांचा फरक. आपल्याकडची सहल चौघांत कधी होते? आजी-आजोबा असतात, एखादं भाचरू असतं. मोठ्या हॉटेलात एका खोलीत दोन मोठी माणसं आणि एक-दोन लहान मुलं एवढंच बसतं. बारा वर्षांपुढचं मूल बहुतेक ठिकाणी मोठ्यात धरतात आणि जादा गादीचे पैसे वेगळे. म्हणजे सहा जणांना दोन खोल्या, आणि फरक 14,680 वर जातो. जाण्या-येण्याच्या गाडीला दीड हजार दिले तरी तेरा हजारांवर शिल्लक राहते. एवढ्यात घरातल्या सगळ्यांची रेल्वेची तिकिटं निघून वर खर्चायला पैसे उरतात.

ज्यांना हॉटेलातच राहायचं आहे त्यांच्याही कामाची एक गोष्ट इथे आहे. 7,500 ची खोली करासकट 7,875 ला पडते, आणि 7,600 ची पडते 8,968 ला. भाडं शंभराने वाढलं की खिशातून जवळजवळ अकराशे जास्त जातात. तेव्हा वार एक-दोन दिवस पुढेमागे करून भाडं या रेषेच्या आत बसतं का, ते जरूर बघा. जेवणाचंही तसंच. ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात एखाद्या खोलीचं भाडं 7,500 च्या वर गेलेलं असतं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर 18 टक्के कर लागतो. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला 5 टक्के. मुळात महाग असलेल्या थाळीवर हा जादा कर बसतो.

फुकट नाश्त्याबद्दल फार लिहायची गरज नाही. बुकिंग करताना "फक्त खोली" आणि "नाश्त्यासह" असे दोन दर दिसतात. त्यांच्यातला फरक हीच त्या नाश्त्याची किंमत. सहा जणांचा खोपोलीतला पोहे-वडा-चहा त्याच्या शेजारी मांडा आणि ठरवा.

इतरांच्या आधी प्रवेश हे कारण कुठून आलं, तेही सांगते, कारण ते मुळातलं खोटं नाही. अमेरिकेत ऑर्लँडोला डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना रोज अर्धा तास आधी पार्कमध्ये सोडतात. युनिव्हर्सलच्या तिथल्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांच्या भाड्यात दोन जुन्या पार्कांचा एक्स्प्रेस पासच धरलेला असतो, म्हणजे मोठ्या रांगेत उभं राहावं लागत नाही. टोकियो डिस्नेच्या हॉटेलांतल्या पाहुण्यांनाही पंधरा मिनिटं आधी आत घेतात. लोकप्रिय राइडला तास-दीड तास रांग लागते अशा ठिकाणी ही सवलत मोलाची आहे, आणि तिथलं महाग हॉटेल खरोखर काहीतरी हातात देतं. ज्यांची मुलं-सुना अमेरिकेत आहेत त्यांनी ऑर्लँडोला जाताना हा हिशोब जरूर करावा.

पण तिथला सल्ला उचलून खोपोलीला चिकटवणं चूक आहे. इथे बुकिंगच्या आधी हॉटेलला सरळ विचारा: तुमच्या पाहुण्यांसाठी दार आधी उघडतं का, आणि ते बुकिंगच्या कागदावर लिहून द्याल का? लेखी मिळत नसेल तर त्या कारणासाठी एक रुपयाही जादा मोजू नका. रांग टाळणारं एक्स्प्रेस तिकीट पार्क वेगळं विकतो. ते लॉजवर उतरलेल्या माणसालाही घेता येतं. त्याहून स्वस्त मार्ग म्हणजे मंगळवार-बुधवारी जाणं. मुलांना उंचीची अट आहे, त्यामुळे लहानग्यांना मोठ्या राइडवर घेतच नाहीत. तुमच्या मुलांना किती राइडवर बसता येईल ते आधी पाहा, मगच रांगेची काळजी करा.

बाहेरचे लॉज कुटुंबासाठी बरे नसतात, या वाक्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. काही वाईट असतात, हे मला ठाऊक आहे. कळकट चादर, कडी न लागणारं न्हाणीघर, खाली परमिट रूम, अशा जागी बायकापोरांना घेऊन कोणी राहू नये. म्हणून खोली आधी डोळ्यांनी बघा किंवा तिथे जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाला विचारा, सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं ते विचारा, आणि पुढची-मागची चौकशी न करता सगळे पैसे आगाऊ पाठवू नका. पण सगळ्यांना एका मापाने मोजणाऱ्याला एक साधी गोष्ट दिसलेली नाही: पार्क ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्याने पुढे पाली आहे. पालीचा बल्लाळेश्वर आणि खोपोलीजवळच्या महडचा वरदविनायक, अष्टविनायकांतले दोन गणपती इथेच आहेत. पालीला देवस्थानाचं भक्तनिवास आहे. तिथे वर्षानुवर्षं कुटुंबंच उतरतात. आजी-आजोबांना राइडवर बसायचं नसतं, पार्कचं तिकीट त्यांच्यासाठी वाया जातं. त्यांनी एक दिवस दर्शन आणि आराम करावा, बाकीच्यांनी पार्क बघावा, संध्याकाळी सगळे एकत्र जेवावेत. अशी सहल पार्कच्या हॉटेलात बसतच नाही.

राहिली आठवण. वॉटर पार्कात नायलॉनचेच कपडे चालतात, सुती चालत नाहीत. संध्याकाळी सहा जणांचे ते ओले कपडे कुठे वाळवायचे? बड्या हॉटेलच्या बाल्कनीत कपडे टांगू देत नाहीत. लॉजच्या गॅलरीत आपली दोरी या खांबापासून त्या खांबापर्यंत बांधता येते, खाली बादली ठेवता येते, आणि शेजारच्या खोलीतल्या पोरांशी आपल्या पोरांची तिथेच गट्टी जमते. जमिनीवर ओळीने गाद्या घालून भावंडं एकत्र झोपतात आणि कोण कोणत्या राइडवर ओरडलं यावर मध्यरात्रीपर्यंत हसत बसतात. पोरांना विचारलं तर ती राइडचं आणि या दंग्याचं सांगतात. गादी किती मऊ होती हे सांगणारं पोर मला अजून भेटलेलं नाही.

काही घरांना पार्कचं हॉटेल खरंच सोयीचं आहे. वर्ष-दोन वर्षांचं बाळ असेल आणि त्याला दुपारी झोपवायचं असेल, तर दाराशीच खोली असणं मोठा आधार आहे. गुडघ्यांचा त्रास असलेलं माणूस दिवसभर आत थांबू शकत नाही, त्यालाही तेच लागू. एक दिवस थीम पार्क, दुसरा दिवस वॉटर पार्क असं ठरवलं असेल तर मधली रात्र तिथे काढावी. तेव्हा चेक-इन आणि चेक-आउट दोन्ही आपल्या वेळेशी जुळतात आणि भाड्याचा मोबदला मिळतो. पावसाळ्यातल्या मधल्या वारांना भाडी उतरतात, तेही बघावं.

आणि मुळात खोपोलीच का? धुळ्याहून मालेगाव-मनमाडमार्गे शिर्डी साधारण दीडशे किलोमीटर, चाळीसगावहूनही लांब नाही. तिथे वेट एन जॉय वॉटर पार्क आणि साईतीर्थ थीम पार्क, दोन्ही आहेत. ते चालवणारा संगमनेरचा मालपाणी समूहच 2022 पासून इमॅजिकाही चालवतो. शिर्डीत लॉज पायलीला पन्नास. शिवाय साई संस्थानचं साईआश्रम, द्वारावती अशी भक्तनिवासं, आणि प्रसादालयात जेवण. पहाटे निघून, दर्शन आणि वॉटर पार्क उरकून रात्री घरी परतणारी कुटुंबं आपल्याकडे पुष्कळ आहेत. रोलर कोस्टरसाठी हट्ट धरणारी मोठी मुलं घरात असतील तर खोपोली. पाण्यात डुंबायलाच जायचं असेल तर शिर्डीला जा, आणि संस्थानच्या खोलीचं बुकिंग ऑनलाइन उघडलं की लगेच करून टाका, कारण दिवाळीच्या आठवड्यातल्या खोल्या भराभर संपतात.