लक्ष्मीबाईंना भाबडं म्हणणं आता पुरे

पावसाळ्यात नवीन पुस्तकं घ्यायची नाहीत, कपाटातलीच वाचायची असं ठरवलं होतं. त्यात सगळ्यात जास्त वेळ घेतला तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राने. या पुस्तकाबद्दल वर्षानुवर्षं जे कौतुक कानावर पडतं, ते मला आता अजिबात पटत नाही, म्हणून ही पोस्ट.

‘किती साधं, किती निरागस!’ असं म्हणतात. निरागस कसलं? बाई चांगली धारदार आहे. आजोबांना १८५७च्या बंडापायी फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांनी सोवळ्याचं जे वेड घेतलं, ते वाचा. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, मीठसुद्धा! वाचताना आपण खो खो हसतो. मग लक्षात येतं, या घरात आईचं काय होत असेल? लक्ष्मीबाई मात्र ‘आईचे फार हाल झाले हो’ असा गळा काढत बसत नाहीत. आपल्याला हसवायचं आणि हसता हसता घशात काहीतरी अडकवून पुढे निघून जायचं, ही त्यांची रीत. भाबड्या माणसाला हे जमत नाही.

नवऱ्याचंही तसंच. ना. वा. टिळक कवी मोठे, पण संसाराला अशक्य माणूस. मनात आलं की घराबाहेर, हातात पैसा आला की दुसऱ्याच्या ओंजळीत. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच गेली. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली आणि १९०० साली बाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘पतीच्या मागोमाग गेली’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. मधली सगळी वर्षं ही बाई स्वतःशी भांडत होती. जात, विटाळ, देव, सगळं तिने आपलं आपण तपासलं. आणि एवढं होऊनही टिळकांवरचा जीव कमी नाही, त्यांची फजिती सांगायची संधीही सोडलेली नाही. पुस्तक यायला लागलं १९३४ मध्ये. टिळक जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. हिशोब चुकते करायला मोकळं रान होतं. केले नाहीत.

नुकतंच एक ताजं आत्मचरित्रही वाचलं (नाव घेत नाही). पानापानावर ‘मी किती सोसलं’. शेवटी शेवटी मला त्या छळणाऱ्या सासूचीच दया यायला लागली!

‘रणांगण’बद्दल मात्र माझं मत अर्धं-अर्धं. विश्राम बेडेकरांची ही छोटीशी कादंबरी १९३९ची, म्हणजे महायुद्धाच्या अगदी तोंडावरची. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आणि त्यांच्यातली हॅर्टा. बोटीवरचं ते कोंदट, टांगणीला लागलेलं वातावरण अफाट उभं केलंय. कुठलंही बंदर त्यांना आपलं म्हणत नाही, हे भाषण न करता कळतं. पण नायक चक्रधर? उमाने झिडकारलं म्हणून सगळ्या बायकांवर सूड घेऊ पाहणारा हा गृहस्थ मला शेवटपर्यंत सहन झाला नाही. हॅर्टाला याच्यात काय दिसलं, देव जाणे. चाहते तुटून पडतील, पडोत.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ कादंबरी पुन्हा काढली आणि पुन्हा मध्येच कंटाळले. पण मनीच्या मृत्यूची पानं येतात तेव्हा नायक पांडुरंग सांगवीकरचे सगळे चाळे माफ करावेसे वाटतात. देवीच्या रोगाने लहान बहीण जाते आणि हा प्राणी काहीबाही बडबडत राहतो. ती बडबडच रडणं आहे. नेमाडे तिथे लक्ष्मीबाईंच्या फार जवळ येतात असं मला वाटतं. हे वाचून नेमाडपंथी आणि लक्ष्मीबाईंचे भक्त दोघंही चिडतील.

‘स्मृतिचित्रे’ घेणार असाल तर एक बघा. त्याची संक्षिप्त आवृत्तीही मिळते. ती नको. गोष्ट सांगता सांगता बाई जिथे भरकटतात, तिथेच खरी गंमत आहे आणि कात्री नेमकी तिथेच लागते. पूर्ण प्रत घ्या, जाड असली तरी.